डीजे आला नाही म्हणून चित्रकार उभा राहिला: बास्किया, हिप-हॉप आणि एक भिंत

आजच्या भागाचा विषय चित्रकाराचा आहे, पण निम्मा वेळ आपण गाण्यांबद्दलच बोलणार आहोत. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिखित रूप. मध्ये मध्ये गाण्यांची नावं येतील, ती फोनवर शोधून लावा. नुसतं वाचून या गोष्टीची अर्धीच मजा येईल.

सुरुवात एका व्हिडिओपासून करू. ब्लॉन्डी नावाच्या न्यूयॉर्कच्या बँडचं 'रॅप्चर' हे गाणं. १९८१ साली ते अमेरिकेच्या चार्टवर पहिल्या नंबरला गेलं, आणि पहिल्या नंबरला पोचलेलं, ज्यात रॅप आहे असं हे पहिलंच गाणं. व्हिडिओ यूट्यूबवर सहज मिळतो. गायिका डेबी हॅरी चालतेय, नाचतेय. मागे भिंतीवर स्प्रेने रंगवणारे दोघं दिसतात: फॅब फाइव्ह फ्रेडी आणि ली किन्योनेस, दोघंही खरेखुरे ग्राफिटीवाले. आणि टर्नटेबलच्या मागे एक सडपातळ काळा पोरगा उभा आहे, चेहऱ्यावर "मी इथे काय करतोय" असा भाव.

तो डीजे नाहीच. तिथे ग्रँडमास्टर फ्लॅश उभा राहणार होता. त्याचं नाव चक्क त्या गाण्यात आहे. पण शूटिंगला तो फिरकलाच नाही. मग जो हाताशी होता त्याला उभं केलं. त्याचं नाव ज्याँ-मिशेल बास्किया, वय जेमतेम वीस.

हो, तोच. तीन टोकांचा मुकुट, कवट्या, खोडलेले शब्द. ज्याची चित्रं आज टी-शर्टवर, मोबाइल कव्हरवर, स्केटबोर्डवर दिसतात तो. त्याच सुमाराला डेबी हॅरी आणि तिचा जोडीदार क्रिस स्टाइन यांनी त्याचं 'कॅडिलॅक मून' हे चित्र २०० डॉलरला घेतलं. त्याने विकलेल्या अगदी पहिल्या चित्रांपैकी ते. गिऱ्हाईक कोण? गॅलरीवाला नाही, म्युझियम नाही, एक पॉपस्टार.

आता हे सगळे एका खोलीत आले कसे? कारण खोलीचं भाडं कमी होतं. गंमत नाही करत. १९७५ साली न्यूयॉर्क शहर दिवाळं निघायच्या बेतात होतं. ब्राँक्समध्ये इमारती जळत होत्या, मॅनहॅटनच्या खालच्या भागात कारखाने बंद पडून मोठमोठे गाळे रिकामे पडले होते. ज्यांच्याकडे पैसे होते ते बाहेर पडत होते, आणि ज्यांच्याकडे नव्हते ती तरुण पोरं आत येत होती. वर ब्राँक्समध्ये १९७३ च्या ऑगस्टमध्ये कूल हर्क नावाच्या मुलाने बिल्डिंगच्या हॉलमध्ये पार्टी केली आणि एकाच गाण्याचा ढोलाचा तुकडा दोन टर्नटेबलवर पुन्हा पुन्हा वाजवला. हिप-हॉपचा वाढदिवस आज तोच मानतात. खाली डाउनटाउनमध्ये पंकवाले होते, फिल्म बनवणारे होते, चित्रकार होते. हे सगळे रात्री मड क्लबसारख्या ठिकाणी भेटायचे. मड क्लब १९७८ ला सुरू झाला. खाली बँड वाजायचे, वर चित्रांची प्रदर्शनं लागायची.

बास्किया ब्रुकलिनचा. जन्म २२ डिसेंबर १९६०. वडील हैतीचे, आईचं घराणं प्युर्टो रिकोचं. सात वर्षांचा असताना रस्त्यात गाडीने उडवलं. हात मोडला, प्लीहा काढावी लागली. दवाखान्यात पडल्या पडल्या वाचायला म्हणून आईने त्याला एक पुस्तक आणून दिलं: 'ग्रेज अ‍ॅनाटमी'. मेडिकलची मुलं वाचतात ते, हाडं-स्नायू-आतड्यांच्या आकृत्यांचं. या पुस्तकाचं नाव लक्षात ठेवा.

सतराव्या वर्षी घर आणि शाळा दोन्ही सुटलं. मित्रांच्या सोफ्यावर झोपायचं, स्वतः बनवलेली पोस्टकार्डं आणि रंगवलेले स्वेटशर्ट रस्त्यावर विकायचे. आणि रात्री अल डियाझ या शाळेतल्या मित्रासोबत भिंतींवर लिहायचं. सही एकच: 'सेमो'. 'तेच ते, नेहमीचंच' अशा अर्थाच्या एका बोलीतल्या शिवीवजा वाक्प्रचाराचं ते आखूड रूप. बाकीचे ग्राफिटीवाले तेव्हा रेल्वेच्या डब्यांवर स्वतःचं नाव रंगीबेरंगी, फुगवलेल्या अक्षरांत काढत होते. सेमोची अक्षरं साधी, काळी. मजकूर म्हणजे टोमणे, अर्धवट कविता, जाहिरातींची टर. आणि जागा कुठली निवडायची? सोहो, म्हणजे जिथे आर्ट गॅलऱ्या आहेत तिथल्या भिंती. दार उघडायच्या आधी गॅलरीवाल्याला ते वाचावंच लागायचं. पोरगा हुशार होता. पुढे आयुष्यभर 'ग्राफिटी आर्टिस्ट' हे लेबल त्याला आवडलं नाही, आणि मला वाटतं त्याचं बरोबरच होतं. डबे त्याने रंगवले नाहीत. त्याने रस्त्याकडून दुसरंच काहीतरी उचललं: चालत्या माणसाला थांबवेल असं वाक्य. १९७८ च्या डिसेंबरात 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाने सेमो म्हणजे कोण ते छापलं. त्यानंतर दोघांचं बिनसलं आणि 'सेमो मेला' असं भिंतींवर दिसायला लागलं.

आता बँड. १९७९ मध्ये एका पार्टीत त्याची ओळख मायकल होल्मनशी झाली आणि दोघांनी बँड काढला. नाव ठेवलं 'ग्रे'. दवाखान्यातल्या त्या पुस्तकावरून! वाजवता कोणालाच धड येत नव्हतं, आणि तोच त्यांचा मुद्दा होता. होल्मन ड्रमच्या कातड्यावर चिकटपट्टी लावायचा आणि ती हळूहळू सोलून काढायचा, तो चरचर आवाज माइकमध्ये. बास्किया गिटारच्या तारांवर लोखंडी कानस फिरवायचा, नाहीतर क्लॅरिनेट घेऊन बसायचा. या गोंगाटाला गाणं म्हणायचं का? लोकांनी म्हटलं. मड क्लबमध्ये त्यांचे कार्यक्रम व्हायचे. चित्रं विकायला लागली तसा बास्किया बँडमधून बाहेर पडला, पण कानातून ते गेलं नाही. घरात तीन हजारांच्या वर रेकॉर्ड जमल्या होत्या, आणि काम करताना गाणं किंवा टीव्ही, काहीतरी चालूच असायचं.

इथे फॅब फाइव्ह फ्रेडीकडे परत येऊ, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट जुळत नाही. १९८० मध्ये याने अख्ख्या सबवेच्या डब्यावर अँडी वॉरहॉलचे सूपचे डबे काढले होते. म्युझियममधलं चित्र आगगाडीवर! ब्राँक्सच्या रॅपरना डाउनटाउनच्या क्लबात आणणारा आणि डाउनटाउनच्या चित्रकारांना ब्राँक्सच्या पार्ट्यांत नेणारा हा माणूस. आणि त्याचा गॉडफादर कोण, तर मॅक्स रोच. जॅझ ऐकणाऱ्यांचे कान टवकारले असतील. चार्ली पार्करच्या मागे ड्रम वाजवणारा मॅक्स रोच.

चार्ली पार्कर हा बास्कियाचा देव होता. १९४५ मध्ये पार्करने 'नाउज द टाइम' नावाची धून रेकॉर्ड केली, ड्रमवर रोच. चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, बास्कियाने त्याच नावाचं चित्र काढलं. प्लायवूडचा सात फुटांहून मोठा गोल, काळा रंगवलेला, त्यावर पांढऱ्या खडूसारख्या रेषेने काही वर्तुळं, धुनेचं नाव आणि पार्करच्या नावाची स्वर गाळलेली अक्षरं. बस. म्हणजे एक भलीमोठी रेकॉर्ड, हाताने कापलेली, त्यामुळे कडा किंचित वेडीवाकडी. मला त्याच्या सगळ्या कामात हे सर्वांत जास्त आवडतं. कवटीवाल्या चित्रांसारखा आरडाओरडा त्यात नाही.

त्याची इतर चित्रं बघताना मात्र लोक नेहमी म्हणतात, "हे काय लहान मुलासारखं?" एक युक्ती सांगतो. चित्र म्हणून बघू नका, ट्रॅक म्हणून ऐका. शरीराच्या आकृत्या पुस्तकातून उचललेल्या, शब्द टीव्हीवरून, बॉक्सर आणि जॅझवाल्यांची नावं इतिहासातून. स्वतःच्याच ड्रॉइंगच्या झेरॉक्स काढायच्या, कॅनव्हासवर चिकटवायच्या, वर परत रंगवायचं. एकच शब्द चार वेळा. एक शब्द लिहून खोडलेला. खोडलेला शब्द माणूस जास्त निरखून वाचतो, असं तो स्वतःच म्हणायचा. डीजे काय करतो? दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला तुकडा उचलतो, पुन्हा वाजवतो, मध्येच कापतो, खरवडतो. दोघं एकाच शहरात, एकाच काळात, बऱ्याचदा एकाच इमारतीत हे करत होते.

आणि एकदा त्याने खरोखरची रेकॉर्ड काढली. 'बीट बॉप', १९८३. आजच्या भागातलं एकच गाणं ऐकणार असाल तर हे ऐका. दहा मिनिटांचं आहे.

झालं असं. रॅमेलझी नावाचा एक अवलिया होता, क्वीन्समधल्या फार रॉकअवेचा. ग्राफिटी करायचा, रॅप करायचा, आणि अक्षरांनी चिलखत घालून युद्धाला निघावं असा त्याचा एक स्वतंत्र सिद्धांत होता. बास्कियाशी त्याची दोस्तीही होती आणि भांडणंही. तू खरा रस्त्यावरचा नाहीसच, असं तो तोंडावर सुनवायचा. बास्कियाच्या डोक्यात आलं, आपण रॅपची रेकॉर्ड काढू. पैसे त्याचे, स्टुडिओ त्याने घेतलेला, शब्दही त्यानेच लिहिलेले. रॅमेलझी आणि के-रॉब नावाचा कोवळा रॅपर स्टुडिओत आले, त्यांनी ते शब्द वाचले आणि हसून बाजूला टाकले. "हे आम्ही म्हणणार नाही." मग दोघांनी तिथल्या तिथे स्वतःचं रचलं. के-रॉब शाळेतून घरी निघालेला पोरगा, आणि रॅमेलझी नाक्यावर उभा असलेला, त्याला वाईट मार्गाला ओढणारा दलाल. दोघांची जुगलबंदी. मागे पर्कशनवर कोण? अल डियाझ, सेमोवाला जुना मित्र. व्हायोलिनवर एस्तर बालिंत. सगळ्यावर इतका प्रतिध्वनी चढवलाय की गाणं एखाद्या बोगद्यातून आल्यासारखं वाटतं.

विचार करा, तेव्हा बास्किया चित्रकार म्हणून जोरात होता. १९८१ च्या पीएस वनच्या प्रदर्शनात त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, १९८२ मध्ये स्वतःची प्रदर्शनं झाली, जर्मनीतल्या डॉक्युमेंटाला तो सर्वांत लहान कलाकार होता. कॅनव्हास ओले असतानाच विकले जात होते. आणि इथे दोन पोरं त्याला सांगतायत की तुझे शब्द फालतू आहेत. त्याने काय केलं? ऐकून घेतलं. निर्माता म्हणून नाव लावलं आणि कव्हर काढलं. काळ्या कव्हरवर पांढऱ्या रेषा: मुकुट, हाडं, खोडलेले शब्द. टारटाउन या स्वतःच्याच लेबलखाली सुमारे ५०० प्रती निघाल्या. आज त्यातली एखादी बाजारात आली तर हजारो डॉलरना जाते. गंमत अशी की गाणं न ऐकलेले लोकही ती घेतात, चित्राची प्रिंट म्हणून. रॅपवाल्यांना मात्र ते गाणं म्हणून हवं असतं.

पुढचं भराभर सांगतो, कारण हा भाग सगळ्यांना माहीत असतो. वॉरहॉलशी मैत्री, १९८५ मध्ये दोघांचं मिळून प्रदर्शन, त्यावर समीक्षकांची टीका, मैत्रीत दुरावा. १९८७ मध्ये वॉरहॉल गेला. १२ ऑगस्ट १९८८ रोजी हेरॉइनचा डोस जास्त होऊन बास्किया गेला. वय २७.

त्यानंतर पॉप संगीताने त्याला सोडलंच नाही. १९९६ मध्ये त्याच्यावर सिनेमा आला, त्यात वॉरहॉलचं काम केलं डेव्हिड बोवीने. द स्ट्रोक्स या बँडच्या २०२० च्या अल्बमच्या कव्हरवर 'बर्ड ऑन मनी' आहे, म्हणजे पुन्हा चार्ली पार्कर. 'बर्ड' हे त्याचंच टोपणनाव. जे-झी तर ब्रुकलिनचाच. तो गाण्यात बास्कियाचं नाव घेतो, त्याची चित्रं विकत घेतो. २०१७ मध्ये १९८२ सालचं एक कवटीचं चित्र लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरना गेलं. तेव्हाच्या दराने साधारण सातशे कोटी रुपये. १९८४ मध्ये तेच १९ हजार डॉलरना विकलं गेलं होतं. आणि २०२१ मध्ये टिफनी या दागिन्यांच्या कंपनीच्या जाहिरातीत जे-झी आणि बियॉन्से उभे राहिले, मागे बास्कियाचं 'इक्वल्स पाय'. चित्रातला निळा रंग आपल्या डब्याच्या निळ्यासारखा आहे, बहुतेक आम्हाला मानवंदना असेल, असं कंपनीकडून सुचवलं गेलं. बास्कियाच्या जुन्या सोबत्यांनी ते उडवून लावलं.

जे-झीवर या जाहिरातीवरून बरीच टीका झाली. माझं मत थोडं वेगळं आहे. डेबी हॅरीचे २०० डॉलर चालतात तर जे-झीचे पैसे का चालू नयेत? ब्रुकलिनच्या काळ्या पोराची चित्रं ब्रुकलिनच्याच काळ्या माणसाच्या भिंतीवर जाणं यात मला तरी काही वावगं दिसत नाही. खटकतं ते दुसरंच. या सगळ्या चकचकाटात ही पोरं भिंतीवर लिहीत होती म्हणजे नेमका काय धोका पत्करत होती, ते पुसलं जातं.

त्यासाठी परत १९८३ ला जावं लागेल, 'बीट बॉप'च्याच वर्षाला.

माइकल स्ट्युअर्ट. वय २५, काळा, ब्रुकलिनमध्ये आईवडिलांकडे राहणारा, चित्रकार व्हायची इच्छा असलेला. याच क्लबांमध्ये वावरणारा. मॅडोनाच्या 'एव्हरीबडी' या पहिल्या गाण्याच्या व्हिडिओत नाचणाऱ्यांमध्ये तो दिसतो. मॅडोना तेव्हा नवखी होती आणि १९८२ च्या अखेरीस काही काळ बास्कियाची मैत्रीण. म्हणजे तीच खोली, तीच माणसं. १५ सप्टेंबर १९८३ च्या पहाटे तीनच्या सुमाराला सबवेच्या फर्स्ट अव्हेन्यू स्टेशनवर पोलिसांनी त्याला पकडलं. आरोप काय? भिंतीवर मार्करने लिहिलं. थोड्याच वेळाने त्याला हातपाय बांधलेल्या अवस्थेत बेलव्ह्यू हॉस्पिटलात आणलं तेव्हा नाडी लागत नव्हती. तो तेरा दिवस कोमात होता. २८ सप्टेंबरला गेला. सहा पोलिसांवर खटला चालला आणि १९८५ मध्ये सहाही जण निर्दोष सुटले.

बास्किया हादरला. आपणही त्या जागी असू शकलो असतो, हे तो मित्रांना पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. आणि ते खरंच होतं. हातात मार्कर, रात्रीची वेळ, तसलेच केस, तीच कातडी. कॅनव्हासला किती भाव येतो हे स्टेशनवरच्या पोलिसाला कसं कळणार? कीथ हेरिंगही सबवेत काळ्या कागदांवर खडूने चित्रं काढायचा, दिवसाढवळ्या. त्यालाही अनेकदा पकडलं. दंड भरून तो घरी जायचा. हेरिंग गोरा होता.

घटनेनंतर काही दिवसांत बास्किया हेरिंगच्या स्टुडिओत गेला. तिथल्या भिंतीवर येणारेजाणारे मित्र काहीबाही लिहीत, सह्या करत. त्याच भिंतीवर त्याने ते काढलं. मध्ये एक काळी आकृती, चेहरा नाही. दोन्ही बाजूंना निळ्या गणवेशातले, गुलाबी तोंडांचे दोन पोलीस, हातात दांडके. वर एक शब्द, स्पॅनिश वळणाने लिहिलेला: 'डिफासिमेन्टो', आणि त्याला प्रश्नचिन्ह. डिफेसमेंट, म्हणजे आपल्याकडच्या कायद्याच्या भाषेत विद्रूपीकरण. आपल्या महाराष्ट्रातही १९९५ पासून मालमत्तेच्या विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा आहे, नोटिशीत हा शब्द तुम्ही वाचला असेल. भिंतीवर लिहिलं तर विद्रूपीकरण. मग त्या मुलाच्या चेहऱ्याचं जे झालं त्याला काय म्हणायचं? ते प्रश्नचिन्ह बहुतेक तिथेच बोट ठेवतं.

हे चित्र त्याने कोणत्या गॅलरीसाठी काढलं नव्हतं, विकायलाही नाही. खाली-वर इतरांच्या सह्या तशाच होत्या. पुढे १९८५ मध्ये हेरिंगने तो स्टुडिओ सोडला, तेव्हा त्याने भिंतीचा तेवढा तुकडा कापून काढला. दोन फुटांच्या आसपास उंच, अडीच फूट रुंद. त्याला नक्षीदार सोनेरी चौकट करून घेतली आणि आपल्या पलंगाच्या वर टांगला. १९९० च्या फेब्रुवारीत हेरिंग एड्सने गेला, तोपर्यंत तो तिथेच होता. २०१९ मध्ये गुगेनहाइम म्युझियमने या एका तुकड्याभोवती अख्खं प्रदर्शन भरवलं. त्यात माइकल स्ट्युअर्टने स्वतः केलेली कामंही होती.